लडाखची सोपी वाट आणि पाण्याची पाळी



हिमालयात पायी फिरायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ, दोर आणि पाठीवरची अवजड पोती उभी राहतात. मग आपण म्हणतो, हे तरुणांचं काम, आपलं नव्हे. आज मी ज्या वाटेविषयी बोलणार आहे, ती तशी नाही. लडाखमध्ये लेहच्या पश्चिमेला शाम नावाचा भाग आहे. तिथे लिकीरपासून तेमिसगामपर्यंत तीन दिवसांची पायवाट आहे. ट्रेकिंगवाले तिला गमतीनं ‘बेबी ट्रेक’ म्हणतात. आम्ही परभणीचे पाचजण, त्यातले तिघं साठीपुढचे, जुलैमध्ये ही वाट चाललो.

चालणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. तिच्याबरोबर सत्तरीतले वारकरी महिनाभर चालतात. त्या मानानं शामची वाट म्हणजे रोजचे तीन ते पाच तास. अडचण अंतराची नाही, उंचीची आहे. परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आणि लेह साडेतीन हजार मीटर, म्हणजे थेट दहापट! सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली गाठायची आणि तिथून विमानानं तासा-दीड तासात लेहला उतरायचं, म्हणजे शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं बसून काढायचे. भरपूर पाणी प्यायचं, जिने सावकाश चढायचे. डोकेदुखी, मळमळ वाढत गेली तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच बेत करावा.

पहिला मुक्काम यांगथांगचा. निघण्यापूर्वी लिकीरचा मठ पाहायचा. अकराव्या शतकातली ही स्थापना. बाहेर मैत्रेय बुद्धाची सुमारे तेवीस मीटर उंचीची सोनेरी मूर्ती बसलेली आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्याकडे गावोगाव विहार झाले. त्यातल्या साध्या, शांत बुद्धमूर्तीची सवय असलेल्या डोळ्यांना इथले रंग, मुखवटे, लोण्याचे दिवे वेगळेच वाटतात. वाटेवर ‘ओम मणि पद्मे हुं’ कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती लागतात. त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. आपल्या प्रदक्षिणेसारखंच, त्यामुळे वेगळं शिकावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी एक खिंड ओलांडून हेमिस शुकपाचन. शुकपा म्हणजे धुपाचं झाड. गावाजवळ या जुन्या झाडांची राई आहे, तिला पवित्र मानतात. तिसऱ्या दिवशी आणखी एक खिंड चढून आंग गावातल्या जर्दाळूच्या बागांमधून तेमिसगामला उतरायचं. १६८४ मध्ये लडाख आणि तिबेट यांच्यातला तह झाला, तो याच गावात. त्यात पश्मिना लोकरीच्या व्यापाराचाही करार होता.

खिंडींमध्ये उभं राहिलं की चारी बाजूंना उघडे, तपकिरी डोंगर. सावलीला झुडूपही नाही. आणि खाली गाव दिसतं ते मात्र हिरवंगार. सातूची शेतं, वाटाणा, विलो, पॉपलर. ही हिरवळ येते कुठून? लेहला वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या परभणीत चांगल्या वर्षी आठशे-नऊशे मिलिमीटर पडतो. तरी उन्हाळ्यात टँकर आपल्याकडे, आणि पाटाला खळखळ तिकडे!

उत्तर पायवाटेलगतच सापडतं. डोंगरावरचं बर्फ वितळून येणारं पाणी दगडमातीच्या अरुंद पाटांतून मैलोगणती फिरवून आणलेलं असतं. गावाच्या वरच्या अंगाला एक तळं असतं, त्याला ‘झिंग’ म्हणतात. रात्रीचं पाणी त्यात साठवायचं, दिवसा सोडायचं. आणि ते कुणाच्या शेतात, किती वेळ, हे ठरवायला गावानंच नेमलेला माणूस असतो, ‘चुरपोन’. आपल्या भाषेत पाटकरी. त्याचा शब्द गाव मानतं. हेमिस शुकपाचनला एक बाई फावड्यानं एक ढेकूळ सरकवून आपल्या शेताचं तोंड बंद करत होती. वाटाड्या म्हणाला, तिची पाळी संपली, आता खालच्या शेताची. देखरेखीला तिथे कुणीही उभं नव्हतं.

‘पाळी’ हा शब्द आपल्यालाही ठाऊक आहे. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यात येतो. वरच्या भागात ऊस उभा आणि शेपटाकडच्या चारीत धूळ, हे दृश्य कालव्याकाठच्या कोणाही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाऊस कमी झाला हे खरंच. पण आहे ते वाटून घेणं आपल्याला जमलं नाही, हेही तितकंच खरं.

लडाखमध्ये सगळं आलबेल आहे, असा मात्र समज नको. हिमनद्या आटताहेत. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत आणि वितळलेलं पाणी भरपूर येतं ते जूनमध्ये. ही ओढ भागवण्यासाठी चेवांग नॉरफेल या अभियंत्यानं हिवाळ्यात वाया जाणारं पाणी अडवून गोठवण्याची युक्ती १९८०च्या दशकात काढली. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभे केले, ते वसंतात हळूहळू वितळून शेतांना पाणी देतात.

मुक्काम गावकऱ्यांच्या घरातच असतो. घराची मालकीण, तिला ‘आमा-ले’ म्हणायचं, स्वयंपाकघरात चुलीजवळ बसवते. थुक्पा, खंबीर रोटी आणि मीठ-लोण्याचा गुरगुर चहा. सातूचं पीठ तर आपल्या ओळखीचंच. संडास कोरडा असतो. वरून माती टाकायची, पुढे त्याचं खत शेतात जातं. पाणी वाचतं आणि शेतही पिकतं. पाहुण्यांचे पैसे बाईच्या हातात पडतात आणि गावातल्या तरुणाला वाटाड्याचं काम मिळतं. आता बहुतेक गावांना मोटाररस्ता झाला आहे. दवाखाना, शाळा जवळ आल्या, हे चांगलंच. पण गाडीतून येणारा पाहुणा फोटो काढून संध्याकाळी लेहला परततो. आमा-लेच्या घरी तो थांबत नाही. म्हणून जमेल त्यानं चालावं, आणि रात्री गावातच राहावं.

जून ते सप्टेंबर हा हंगाम. टोपी, काळा चष्मा, पाण्याची बाटली आणि वापरून मऊ झालेले बूट एवढं पुरे. वाटेत भेटेल त्याला ‘जुले’ म्हणायचं. नमस्कारही तोच आणि आभारही.

आणि परत आल्यावर एकदा आपल्या चारीवर जाऊन यावं. शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था करून पाणी स्वतः वाटून घ्यावं, असा कायदा महाराष्ट्रानं २००५ मध्ये केला. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावरच्या शेतकऱ्यांनी ते करून दाखवलं. कायदा आहे, कालवा आहे, पाटकरी हा शब्दही आपलाच आहे. आपली पाळी संपल्यावर स्वतःहून ढेकूळ सरकवणारे हात तेवढे आपल्या गावात हवेत.