कावळा बसला आणि फांदी मोडली



१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याची वाटणी होऊन आपला नंदुरबार जिल्हा झाला. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात तिकडे लंडनमध्ये एका अफवेचा जन्म झाला. लंडन कुठे आणि आमचा अक्राणीचा डोंगर कुठे, असं आपण म्हणाल. पण अफवेला ना सातपुडा आडवा येत, ना नर्मदा. पूर्वी ती बाजाराच्या दिवशी माणसांबरोबर चालत यायची. आता खिशातल्या मोबाईलवर येते.

अफवा अशी, की गोवराची लस टोचली म्हणजे मूल स्वमग्न होतं. स्वमग्नता म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ती. असं मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, उशिरा बोलतं, एकच खेळ तासन् तास खेळत बसतं. हा काही साथीचा रोग नव्हे. मेंदूची घडणच वेगळी असते, आणि तिची सुरुवात बहुधा आईच्या पोटातच झालेली असते.

आता अफवेचं मूळ पाहू. अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात अवघ्या १२ मुलांची हकिगत छापली आणि लसीवर संशय घेतला. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने प्रकरण खणून काढलं. लस बनवणाऱ्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्डने पैसे घेतले होते. मुलांच्या दवाखान्यातल्या नोंदी आणि छापलेली हकिगत यांचा मेळ बसत नव्हता. २०१० साली ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला आणि ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून वेकफिल्डचं नाव काढण्यात आलं.

त्यानंतर २०१९ साली डेन्मार्कमध्ये ६ लाख ५७ हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता जास्त आढळली नाही. एका पारड्यात १२ मुलं, दुसऱ्यात साडेसहा लाख. गुरुजी, हा हिशेब चौथीचा विद्यार्थीसुद्धा सोडवील.

मग काही आईबापांना तसं का वाटतं? ते खोटं बोलत नाहीत. गोवर-रुबेलाची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. मूल बोलू लागण्याचं वयही तेच. म्हणून न बोलणारं मूल ध्यानात येतं तेही तेव्हाच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, आणि दोष बिचाऱ्या कावळ्याला!

लसीने काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. सुई टोचलेली जागा दुखते, कधी अंग तापतं, आठवडाभराने बारीक पुरळही उठतं. क्वचित एखाद्याला लस सोसत नाही. म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसवून ठेवतात.

गोवर मात्र थट्टा नव्हे. अंगात ताकद नसलेल्या, कुपोषित बाळाला तो न्यूमोनिया आणि हगवण देतो, कधी डोळे नेतो, कधी जीव. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा लस न घेतलेलीच मुलं अधिक सापडली. आपल्याकडे दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि बाळाची लस राहून जाते. मायबहिणींनो, गाठोडं बांधताना लसीचं कार्ड आधी बांधा. जिथं जाल तिथल्या दवाखान्यात ते दाखवा.

या अफवेचा दुसरा घाव स्वमग्न मुलाच्या आईवर बसतो. “तूच सुई टोचून आणलीस,” असं घरचे म्हणतात. त्या माउलीचा काहीही दोष नाही. दोष शोधण्यात वर्षं जातात आणि मुलाला बोलतं करण्याचं वय निघून जातं. दीड-दोन वर्षांचं मूल हाकेला ओ देत नसेल, तर अंगणवाडीताईंना सांगा. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवा. गुरुजी, असं मूल वर्गात आलं तर त्याला कोपऱ्यात बसवू नका. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेची नोंद अपंगत्वात घेतली आहे. शाळा हा त्याचा हक्क आहे.

आणखी एक विनंती. अफवा पावरीत, मावचीत, अहिराणीत बोलते. तिला उत्तरही त्याच बोलीत द्यायला हवं. आजोबांना दंडावरचा देवीच्या लसीचा वण दाखवायला सांगा. देवी काढायलाही लोक भीत होते. पण १९७७ साली आपला देश देवीमुक्त जाहीर झाला, आणि आज नातवंडांना तो रोग ठाऊकही नाही. गोवराचंही तसंच व्हावं, एवढीच इच्छा.