रूळ आणि रक्तवाहिन्या
(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात अड्यार येथे केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला रुळांचा माणूस. तरी आरोग्यावर बोलायला उभा आहे, त्याला कारण माझाच रिपोर्ट.

चव्वेचाळिसाव्या वर्षी रक्त तपासले. एकूण कोलेस्टेरॉल १८६. दोनशेच्या आत, म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते! खालच्या ओळी वाचल्याच नाहीत. डॉक्टरांनी नेमके तिथेच बोट ठेवले: एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड २४०. एकूणातून एचडीएल वजा केले की उरतात १५५. ते १३० च्या आत हवेत. आपल्या लोकांत हा नमुना फार आढळतो. बेरीज ठीक, वाटणी वाईट. माझे वडील बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. त्यांचेही कोलेस्टेरॉल 'नॉर्मल'च होते.

मला वाटे, नळात क्षार बसतो तशी वाहिनीत चरबी बसते. तसे नाही. एलडीएलचे कण भिंतीच्या आतल्या थरात शिरतात, तिथे बिघडतात, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि भिंतच जाड होते. सुरुवातीला वाहिनी बाहेरच्या बाजूने रुंदावते, आतली वाट मोकळीच राहते. म्हणून वर्षानुवर्षे ना दम लागत, ना काही दुखत.

रुळाच्या पोटातला तडा आम्ही अल्ट्रासोनिक यंत्राने शोधतो. मानेतल्या धमनीची भिंतही तशीच मोजतात. आपल्या चेन्नईतच, टी. नगर आणि तिरुमंगलम भागांतल्या वसाहतींत, डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी हा अभ्यास केला. २००० साली आकडे प्रसिद्ध झाले: मधुमेह असलेल्यांची भिंत सरासरी ०.९५ मि.मी., नसलेल्यांची ०.७४. फरक पाव मिलिमीटरही नाही! पण मिलिमीटरची किंमत आम्हा रूळवाल्यांना विचारा.

मात्र एका मोजणीवर विसंबू नये. जाडी वर्षाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी वाढते. तेवढी तर मोजण्यातच चूक होते. म्हणून डॉक्टर आता नुसत्या जाडीपेक्षा भिंतीत चरबीची गाठ झाली आहे का, हे अधिक पाहतात.

माझ्या गोळ्या चालू आहेत, बेझंटनगरच्या किनाऱ्यावर रोज चालतो. आमच्या भाषेत मी सध्या 'ओबीएस', म्हणजे बदलायचा नाही पण नजर ठेवायची, असा रूळ. लायपोप्रोटीन-ए नावाची एक तपासणी आहे, आयुष्यात एकदा केली तरी बहुधा पुरते, कारण ते आनुवंशिक असते. माझे जास्त निघाले. आता मुलाचे तपासायचे म्हणतो. त्याची आई अजून तयार नाही.

आरतीची वेळ झाली. थांबतो.