वरच्या वाडीची वाट

(जीर्णोद्धार सोहळ्यात, कलशारोहणाच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस. देवाची महती काल बुवांनी कीर्तनात सांगितली, तीत मी काय भर घालणार? मला कागद वाचता येतात, तेव्हा कागदाचेच बोलतो.

काल महाप्रसादाला किती पंगती उठल्या ते वाढप्यांना विचारा. आणि परवा तुम्ही सगळे परतल्यावर गावात किती चुली पेटतील तेही मोजा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात २००१ साली १६ लाख ९६ हजार ७७७ माणसे होती. २०११ साली १६ लाख १५ हजार ६९ उरली. एकूण महाराष्ट्र वाढला आणि आपण ऐंशी हजारांहून अधिक घटलो. त्याच शिरगणतीत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. कर्ते पुरुष कुठे गेले ते सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, माणसे कमी झाली तर काय बिघडले? बिघडते ते असे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली निघाली. तिचा मूळ हिशेब लोकवस्तीवर: सपाटीला ५०० माणसांची वस्ती, डोंगरी राज्यांत व आदिवासी भागांत २५०. आपले डोंगर आपल्याला चढावे लागतात, पण कागदावर आपण डोंगरी राज्यात नाही. २०२४ साली चौथा टप्पा मंजूर झाला, त्यालाही आधार २०११ च्या शिरगणतीचाच. शिरगणतीत माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो. तुमचा देव इथे, घर इथे, पण डोके डोंबिवलीला नाहीतर नालासोपाऱ्याला. पुढची जनगणना २०२७ साली व्हायची आहे. तेव्हा तुमची नावे इथे घुसडा असे मी सांगणार नाही. माझी नोकरी जाईल! (हशा)

माणसे कमी म्हणून संध्याकाळची वस्तीची गाडी बंद झाली. गाडी नाही म्हणून पोरे शिकायला तालुक्याला राहिली, त्यांना रांधून घालायला आया गेल्या. मग घरांना कुलपे. दोष कुणाला देणार?

गेल्या श्रावणात वरच्या वाडीतल्या एका सुनेला डोलीतून तिठ्यापर्यंत आणायचे होते. चार खांदे हवे होते, वाडीत तीनच निघाले. चौथा खांदा सासऱ्याने दिला. वय सत्तर. पोर वाटेतच झाली. दोघी सुखरूप आहेत. काल ती पोर देवाच्या पायांवर घातली, ती आपण सर्वांनी पाहिली.

त्या वाटेचा रस्ता का होत नाही? ग्रामसडकेचे दार बंद झाले तरी जिल्हा परिषद आहे, आमदार निधी आहे. परंतु कुठेही अर्ज घेऊन गेलो तरी पहिला प्रश्न एकच येतो, जागा कुणाची? ग्रामसडकेतसुद्धा जमिनीचा मोबदला मिळत नाही. मी त्या वाटेवरचे सातबारे काढून पाहिले. निम्म्याहून अधिक नावे मुंबईची. काही तर वारलेल्या माणसांची, त्यांच्या सह्या आणायला कुठे जावे? वारसनोंदी करून घ्या, त्याला फारसा खर्च नाही. भावाभावांत बोलणे नाही म्हणून कुणी सही अडवून धरली आहे, त्यांची नावे मी घेत नाही. ते समोरच बसले आहेत.

या मंडपासाठी शेजारच्या खातेदाराने न मागता दोन हात जागा सोडली. वाटेला दहा-बारा फुटांची पट्टी लागते, तीही बांधाकडेची.

एरवी हे सगळे खातेदार एका ठिकाणी कधी सापडत नाहीत. आज सापडले आहेत. संमतीपत्रांचे कागद मी लिहून आणले आहेत, अंगठ्यासाठी शाईही आणली आहे. पुढचे सोपस्कार कचेरीत करू. पालखी उठेपर्यंत मी पारावर बसतो आहे. ज्यांना रात्रीची गाडी धरायची आहे, त्यांनी आधी यावे.