नोंदवही सरहद्दीपाशी थांबू नये



  दंतवैद्यांच्या आपल्या संघटनेच्या अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. पण इम्प्लांट, डिजिटल स्कॅन यांवर येथे सविस्तर चर्चा होणारच आहे. मी एकाच विषयावर बोलणार आहे. कार्यकारिणीत तो मी अनेकदा मांडला आणि प्रत्येक वेळी तो पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

एका देशात चौकशी चालू असलेला दंतवैद्य दुसऱ्या देशात दवाखाना थाटतो, तेव्हा तिथल्या पेशंटला हे कोण सांगते?

शातो-शिनाँ हे फ्रान्समधल्या बरगंडी भागातले छोटे गाव. दंतवैद्य मिळणे मुश्कील. २००८ मध्ये एक डच दंतवैद्य तिथे आला आणि गावाने त्याला डोक्यावर घेतले. त्याने लोकांचे निरोगी दात काढले, जबडे कायमचे बिघडवले. शंभरच्या आसपास माणसे तक्रार घेऊन पुढे आली. तो कॅनडात पळाला, तिथे पकडला गेला. २०१६ मध्ये नेव्हेरच्या न्यायालयाने त्याला आठ वर्षांची कैद दिली आणि व्यवसाय करण्यास बंदी घातली. मायदेशातही त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती, हे नंतर बाहेर आले. एवढ्या तोंडांतले दात गेल्यावर!

त्याच वर्षापासून युरोपीय संघात इशारा देण्याची पद्धत लागू झाली. एखाद्याच्या व्यवसायावर बंदी वा निर्बंध आला, की तीन दिवसांत बाकीच्या सदस्य देशांना कळवायचे. ब्रिटनच्या १९८४ च्या दंतवैद्य कायद्यात परदेशी नियामकाचा प्रतिकूल निर्णय हे कारवाईचे स्वतंत्र कारण मानले आहे.

आणि आपण? भारतातला आपला मूळ कायदा १९४८ चा, नोंदवह्या राज्याराज्यांच्या. पदवी घेतली त्याच गावात डॉक्टर आयुष्य काढायचा, त्या काळाला ते पुरेसे होते. आज आपली मुले परीक्षा देऊन इंग्लंडला जातात, आखातात जातात आणि परतही येतात. गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे कारवाई नसल्याचा दाखला, देणारी दंत कौन्सिल फक्त आपल्या दप्तरातले सांगते. मधल्या काळात दुसऱ्या देशात काय झाले, ते त्यात कुठून येणार?

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. वरच्या जबड्यात लांबलचक ब्रिज, खाली पू. परदेशातून परतलेल्या एका डॉक्टरांनी तो बसवला होता. मी तिथल्या नियामकाची वेबसाइट उघडली. त्या डॉक्टरांना व्यवसायास मनाई करणारा आदेश तिथे कोणालाही वाचता येत होता. त्याची प्रत जोडून मी इथल्या नोंदणी कार्यालयाला लिहिले. उत्तर आले : प्रकरण आमच्या अधिकारक्षेत्राबाहेरचे आहे. बाईंचे दात मात्र पूर्णपणे अधिकारक्षेत्राच्या आत होते. त्यांतले सहा मला काढावे लागले. त्या उत्तराचा संताप आजही माझ्या मनात आहे.

यावर आपले काही सहकारी म्हणतात, आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, निर्दोष मुलामुलींचे नाव खराब होईल. त्यांना मी माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. परदेशात तिच्याविरुद्ध तक्रार झाली. चौकशी चालू असतानाच ती घरच्या अडचणीमुळे परत आली. नोकरी मागायला आली तेव्हा सगळी कागदपत्रे तिने आपणहून माझ्या टेबलावर ठेवली. एका अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली मी तिला काम दिले. पुढे तक्रार फेटाळली गेली. आज तिचा स्वतःचा दवाखाना आहे आणि माझे नातेवाईक तिच्याकडे जातात. सांगितल्याने तिचे काहीही बिघडले नाही. माझ्या दृष्टीने हा वाद तिथेच संपला. चौकशी चालू असेल तर देखरेख ठेवा, बंदी आली असेल तर इथेही थांबवा. लपवणे हाच गुन्हा ठरवा.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. नैतिकता आणि नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद त्यात आहे. नोंदणीच्या प्रत्येक नूतनीकरणाला परदेशातील कारवाईचे प्रतिज्ञापत्र घ्यावे, परदेशी नियामकांकडून थेट माहिती मागवावी, हे त्या मंडळापुढे आपण मांडले पाहिजे. मसुद्याचे काम माझ्या कारकिर्दीत सुरू करू, कायद्याच्या जाणकारांना बोलावू, बाकीचे तपशील बसून ठरवू.

उद्याच्या सर्वसाधारण सभेत या मागणीचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. जेवणाआधी निघून जाऊ नका. थांबा आणि मत द्या.