ओळींची वाकळ

जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून आपण वाकळ शिवतो ना? तशी कवितेचीही शिवता येते. रोमन कवी ऑसोनियस याने इसवी सनाच्या चौथ्या शतकात व्हर्जिलच्या ओळी जोडून लग्नाचे काव्य रचले. त्याचा दंडक असा, की मूळच्या लागोपाठ दोन ओळी उचलणे दुबळेपणाचे, तीन म्हणजे निव्वळ पोरखेळ!

पण चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आयाबायांनी हे कुठे वाचले होते? जात्यावर एक चरण माहेरचा, दुसरा सासरी ऐकलेला. मनात येईल तशी त्यांची जोडणी, आणि ओवी नवी! पुढे पीठ गिरणीतून येऊ लागले, ती शाळा सुटली.

गुरुजी, ती वर्गात भरवा. पाठ्यपुस्तकातल्या चार कवितांच्या ओळी चिठ्ठ्यांवर लिहा, मुलांना जुळवू द्या. यमक जुळले, पण अर्थ जुळला का, हे विचारा. कोऱ्या पाटीला बिचकणारे पोरही मग बोलू लागेल. मात्र प्रत्येक ओळीपुढे मूळ कवीचे नाव हवेच. वाकळ आपली खरी, पण लुगडे कुणाचे, हे विसरू नये.