घराची पारख आणि घराचा विमा



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, की तो बोनस, महागाई आणि संप यांवर बोलणार असे धरूनच श्रोते येतात. मी आज घरावर बोलणार आहे. माझा जन्म करारातली कलमे वाचण्यात गेला. पण एक करार मी न वाचता त्याबद्दल भरवसा दिला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

आमच्या संघटनेतल्या एका सभासदाने कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. कर्जाबरोबर विम्याचेही पैसे कापले गेले होते. एका पावसाळ्यात नाल्याचे पाणी घरात शिरले आणि मागची भिंत बसली. तो रात्री माझ्याकडे आला. मी म्हणालो, "काळजी करू नको. तुझ्या घराचा विमा आहे." सकाळी कागद उघडून वाचला, तेव्हा कळले की विमा घराचा नव्हताच. तो त्याच्या जिवाचा होता. तो मेला असता तर कर्ज फिटले असते. भिंतीपायी एक पैसाही मिळाला नाही. त्याची बायको मला म्हणाली, "भाऊ, म्हणजे आम्ही मेलो असतो तरच घर वाचले असते काय?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचे बोलणे हे त्या बाईला द्यायला उशीर झालेले उत्तर समजा.

विमा हा शब्द ऐकला की आपल्याला वाटते, हे पैसेवाल्यांचे काम. त्याचे मूळ पाहिले तर तसे दिसत नाही. 1666 साली लंडन शहर जळाले, आणि त्यानंतर तिथे आगीच्या विम्याचा धंदा उभा राहिला. जर्मनीतल्या हँबुर्ग शहराने 1676 साली घरमालकांचा आगनिधी काढला. सर्वांनी थोडे थोडे घालायचे आणि ज्याचे जळेल त्याला उभे करायचे. ही तर संघटनेची वर्गणीच झाली! आपल्या देशात 1973 पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा सरकारी झाला आणि शंभराहून अधिक कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. पुढे 1999 च्या कायद्याने खाजगी कंपन्यांनाही दार उघडले. आज दोन्ही प्रकारच्या कंपन्या आहेत. कोणाकडे जायचे ते तुम्ही ठरवा, पण कागद वाचून ठरवा.

आता मुद्द्याची गोष्ट. विमा हा अवचित आलेल्या संकटाचा असतो, झिजेचा नसतो. वाळवीने, म्हणजे आपल्या उधईने, फाटा पोखरला, वर्षानुवर्षे ओल झिरपून भिंत फुगली, मिस्त्रीने खराब माल वापरला, नवी इमारत बसताना तडे गेले, नदीने काठ खात खात घर गाठले, तर विमा हात वर करतो. म्हणून घराला दोन राखणदार हवेत. झिजेसाठी तपासणी आणि संकटासाठी विमा. एकाचे काम दुसरा करीत नाही.

1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, हीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. विम्याने मेलेला माणूस परत येत नाही. म्हणून आधी घराची पारख.

आपल्याकडे घर तपासणारा माणूस गावोगाव मिळत नाही. चांगला अभियंता मिळाला तर त्याला फी देऊन न्यावे, विशेषतः बांधलेले घर विकत घेताना. तो मिळेपर्यंत अनुभवी मिस्त्री, सुतार आणि वायरमन या तिघांना घेऊन वर्षातून दोनदा घराला फेरी घालावी, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर. प्लास्टरवरची केसासारखी रेघ फारशी भिण्यासारखी नसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि रुंदावत जाणारी भेग मात्र भिण्यासारखी असते. अशा भेगेवर सिमेंटची चिपटी लावून तारीख लिहून ठेवा. चिपटी फुटली तर भिंत अजून हलते आहे. छपराचे लाकूड सुरीच्या टोकाने टोचून पहा. सागवान म्हणून घेतले तरी सगळे सागवान नसते! कवेलू सरकले आहेत काय, टिनाचे बोल्ट ढिले झाले आहेत काय, वळचणीचे पाणी पायव्याशी मुरते काय, ते पहा. अर्थिंग नुसते तारेपुरते आहे की खरोखर जमिनीत गेले आहे, हे वायरमनकडून तपासून घ्या. आणि जुन्या माणसांना विचारा की पाणी कुठवर आले होते. ऑगस्ट 2020 अखेर वैनगंगेचा आणि जुलै 2022 मध्ये वैनगंगा-प्राणहिता-गोदावरीचा पूर आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. पुराची रेघ लोकांच्या आठवणीत असते, ती घरखरेदीच्या कागदावर येत नाही.

पारख झाली, मग विमा. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची ठरीव पॉलिसी आली. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, जंगलातला वणवा, झाड किंवा वाहन आदळणे, दंगल, पाण्याची टाकी फुटणे, ही संकटे तिच्यात येतात. वणवा आणि वीज तिच्यात आहेत, ही आपल्या रानातल्या माणसाला मोलाची गोष्ट.

रक्कम कशी ठरवायची? इथेच लोक फसतात. विमा जागेच्या बाजारभावाचा नसतो, घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो. जमीन जळत नाही. उदाहरणापुरते घर 600 चौरस फूट आणि बांधकामाचा दर 1500 रुपये धरा, तर 9 लाख झाले. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, पण 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. या हिशेबाने ते 1 लाख 80 हजार. पूर्वीच्या पॉलिसीत घर 8 लाखांचे आणि विमा 4 लाखांचा असला, तर नुकसानीचेही निम्मेच हातात पडे. या पॉलिसीने ती काटछाट काढून टाकली. तरीही वरची मर्यादा तुम्ही लिहिलेल्या रकमेचीच राहते. हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहू नका.

आता उणे बाजू. साधी घरफोडी हिच्यात येत नाही. संकट आल्यावर त्याच संकटामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच भरपाई मिळते. शॉर्ट सर्किटने नुसता पंखा जळला तर पंख्याचे मिळत नाही. त्या आगीने घर पेटले तर घराचे मिळते. 2021 पासून रानटी हत्ती आपल्या जिल्ह्यात आले आहेत. हत्तीने भिंत पाडली तर काय, हे कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. तसेच अर्जात भिंत कशाची, छप्पर कशाचे, हे खरे लिहा. कुडाच्या वा गवती छपराच्या घराला पक्के लिहिले, तर तुम्हीच कंपनीच्या हातात नकाराचे हत्यार देता. कर्जाबरोबर विमा मिळाला असेल तर आज घरी जाऊन तो काढा आणि पहा: विमा कोणाचा, घराचा की जिवाचा?

आणि संकट आलेच तर? जीव वाचवून झाल्यावर फोटो काढा. कंपनीला लगेच कळवा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत पडझड उचलू नका. अडचण असेल तर आधी त्याला लेखी विचारा. करपावती, नमुना आठ, पॉलिसी यांच्या प्रती दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा, कारण पुरात कपाटही वाहते. दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा; कंपनीने ती नाकारली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. 50 लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे.

तुम्ही म्हणाल, हा माणूस एवढा कागदांचा घोळ सांगतो, तर गरिबाने करायचे काय? करायचे ते चौघांनी मिळून करायचे. एका आळीतल्या दहा घरांनी मिस्त्री-वायरमन एकाच दिवशी बोलवावा, खर्च वाटून घ्यावा. ज्याला वाचता येते त्याने दहाही पॉलिसी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. न कळलेल्या कलमाखाली रेघ ओढून कंपनीला एकत्र पत्र लिहावे. मालकाशी करार करताना आम्ही हेच करतो. एकट्याने सही केली की कलमे मालकाची होतात.

त्या सभासदाने भिंत पुन्हा उभी केली, आमच्या लोकांनी श्रमदान केले. आता त्याच्या घराचा खरा विमा आहे. हप्ता भरण्यापूर्वी त्याच्या बायकोने मला सगळा कागद वाचायला लावला, आणि प्रत्येक कलमाला विचारले, "भाऊ, हे आमच्या घराचे ना?" आपणही हाच प्रश्न विचारावा, एवढीच माझी विनंती.