बेल वाजवणारं अ‍ॅप



संमेलनाच्या अध्यक्षानं विषयाचं तत्त्वज्ञान मांडावं, अशी रीत आहे. पण माझं आयुष्य कोड लिहिण्यात गेलं. म्हणून आधी स्वतःची फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एक अ‍ॅप केलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. दोन्ही डब्यांचा फोटो टाका, गुण मिळवा. महिन्याचा पहिला नंबर आला की किराण्याचं कूपन. मे महिन्यात एक काका पहिले आले. रोजचा फोटो, एकही खाडा नाही. आमच्यातल्या एकीला मात्र शंका आली, कारण प्रत्येक फोटोत संत्र्याची ताजी साल होती. मृग बहाराची संत्री मार्च-एप्रिलमध्येच आटोपतात, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. काकांनी मोसमाच्या शेवटी एकाच दुपारी डबे मांडून महिन्याभराचे फोटो काढून ठेवले होते!

आम्ही पोट धरून हसलो. पण कूपन बंद केलं, तसे फोटोही बंद झाले, तेव्हा हसू मावळलं. आम्ही फोटो मागितले होते, काकांनी फोटो दिले. सवय आम्ही मागितलीच नव्हती.

याच नागपुरात एक सवय मात्र अ‍ॅपवाचून रुजत होती. तत्कालीन महापौर अनिल सोले यांच्या पुढाकारानं २०१४ पासून महानगरपालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन ‘पौर्णिमा दिवस’ पाळू लागले. पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ गरज नसलेले दिवे घालवायचे, एवढंच. स्वयंसेवक एखाद्या चौकात जमतात आणि दुकानादुकानांत जाऊन विनंती करतात. एकदा मीही जाऊन उभा राहिलो. साडीच्या दुकानाचे मालक म्हणाले, “गिऱ्हाइकीचा टाइम आहे, भाऊ.” तेवढ्यात समोरच्या मेडिकलवाल्यानं पाटीवरचे दिवे घालवले. शेठजींनी तिकडे पाहिलं, गल्ल्यावरचे पैसे मोजले, पुन्हा तिकडे पाहिलं आणि नोकराला म्हणाले, “घालव रे पाटी.”

एक युनिट वीज करायला औष्णिक केंद्रात साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. तासभर पाट्या विझल्यानं कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या थंड होणार नाहीत. पण शेठजींनी दुसऱ्यांदा तिकडे का पाहिलं, हे ज्याला कळलं त्याला सवय कशी रुजते, हा आपला विषय कळला.

शेजाऱ्याकडे पाहून माणूस बदलतो, हे शास्त्रज्ञांनी मोजलंही आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथं वेस्ली शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी घरोघरी चिठ्ठ्या लावल्या : तुमचा वीजवापर इतका, शेजाऱ्यांचा सरासरी इतका. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण जे आधीच कमी वापरत होते, त्यांनी वाढवला! ज्या काटकसरी घरांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहराही काढला होता, तिथं मात्र ती वाढ झाली नाही. तुलनेमुळे उधळ्या सुधारतो; काटकसरी माणसाला शाबासकी लागते.

अ‍ॅपमध्येही हेच दिसतं. चीनमध्ये अलीपे या पेमेंट अ‍ॅपनं २०१६ साली ‘अँट फॉरेस्ट’ सुरू केलं. चाला, बिल ऑनलाइन भरा, हिरवी ऊर्जा साठवा. फोनवरचं झाड वाढलं की वाळवंटाच्या कडेला खरं झाड लागतं. २०१९ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला. आमच्या अ‍ॅपसाठी आम्ही त्यातलं फक्त गुणांचं गणित उचललं. खरी गंमत निराळीच होती : वेळेत गोळा न केलेली मित्राची ऊर्जा तुम्हाला चोरता येते. मित्र टपून बसलेला आहे, म्हणून माणूस रोज अ‍ॅप उघडतो.

तेव्हा इथल्या तरुण मित्रांना माझं सांगणं असं. अ‍ॅप शहराचं करू नका. एका गल्लीचं, एका विंगचं करा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तेवढा आकडा सुरुवातीला पुरे. फोटो मागू नका. सवय पाळल्याचा शेजाऱ्याचा होकार मागा. उन्हाळ्यात कूलरची टाकी भरून पाणी गच्चीवरून वाहत असेल, तर अ‍ॅपनं खालच्या काकूंना वर जाऊन बेल वाजवायला लावावं. काकू बेल वाजवतील, दोन शब्द सुनावतील, आणि पुढच्या वेळी टाकी वाहणार नाही.

दोन पथ्यंही पाळा. ज्याच्या घरात एक पंखा आणि दोन बल्ब आहेत, त्याला काटकसर शिकवू नका. सुरुवात आपल्या एसीपासून करा. आणि यंत्रणेचं काम नागरिकाच्या माथी मारू नका. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र झाला, तर कुठलीही सवय आठवडाभरही टिकायची नाही. अशा वेळी गल्लीनं एकत्र येऊन जाब विचारावा, ही सोयही अ‍ॅपमध्ये हवी.

हे संमेलन संपेल, ठराव छापले जातील. मी फक्त एक तास मागतो. येत्या पौर्णिमेला रात्री आठ वाजता आपल्या घरचे जास्तीचे दिवे घालवा, फोन खिशात ठेवा आणि शेजारच्या दाराची बेल वाजवा. अ‍ॅपचं पहिलं व्हर्जन तेच.